अर्धलीची सळई

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत जमिनीवर जेवढं लोखंड आहे, त्याहून जास्त लोखंड माणसांच्या आत आहे. रेल्वेचे रूळ धरून बोलतोय मी. आणि त्या आतल्या लोखंडातलं निम्मं तरी माझ्या हातून गेलेलं आहे. माझी बायको म्हणते, हा माणूस कुठलीही गोष्ट आधी दोनाने गुणतो आणि मग सांगतो. तेव्हा वाचकांनी या लेखातलं सगळं खुशाल दोनाने भागून घ्यावं, माझी हरकत नाही. फक्त एक गोष्ट भागू नये. ती आधीच अर्धी आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

मी डॉक्टर नाही. डहाणूतल्या एका हाडांच्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरचा मदतनीस होतो. लोक मला ‘सळईमामा’ म्हणायचे. त्याआधी आशागडच्या नाक्यावर माझं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. आमचे डॉक्टरसाहेब इकडे नवे आले, तेव्हा एकदा त्यांचं हाडं पाडायचं ड्रिल अडकलं. म्हणजे हाडाला भोक पाडायचं. मुंबईहून माणूस यायला चार दिवस, आणि पेशंट तर टेबलावर पालथा. कुणीतरी मला दुकानातून उचलून नेलं. मी ते ड्रिल खोललं, आतला गिअर जागेवर बसवला आणि चालू करून दिलं. साहेबांनी विचारलं, “उद्यापासून येतोस?”

“सायकली कोण बघणार, साहेब?”

“तू वाकडी चाकं सरळ करतोस, मी वाकडी माणसं. फरक एवढाच की चाक ओरडत नाही.”

दुसऱ्या दिवशी मी गेलो तो रिटायर होऊनच परत आलो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ऑपरेशन म्हणजे काहीतरी नाजूक काम. डोळ्यांचं असेल, हृदयाचं असेल. हाडांचं ऑपरेशन म्हणजे सुताराचा कारखाना. हातोडा, पक्कड, करवत, ड्रिल, स्क्रूड्रायव्हर. सगळं वाफेत शिजवून, हिरव्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं, म्हणून ते सुतारकाम नाही म्हणायचं, इतकंच. मांडीचं हाड आतून पोकळ असतं, बांबूसारखं. ते मधोमध मोडलं की कमरेच्या बाजूने वरच्या टोकाला एक भोक पाडायचं आणि त्यातून हातभर लांब स्टीलची सळई आत ठोकत न्यायची. दोन्ही तुकडे सळईत ओवले जातात. मग वर आणि खाली आडवे स्क्रू मारायचे, म्हणजे तुकडे गोल फिरत नाहीत. झालं ऑपरेशन. मी चहाच्या टपरीवर हे इतक्या वेळा समजावलंय की तो टपरीवालासुद्धा अडीअडचणीला एखादी सळई ठोकू शकेल.

पण एक गोष्ट टपरीवर शिकवता येत नाही. स्क्रूचे शेवटचे दोन आटे. चांगल्या हाडात स्क्रू शेवटी शेवटी कुरकुरतो, नव्या चपलेसारखा. साहेबांचे कान जरा मंद. म्हणून ते पिळत राहायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी कान देऊन ऐकायचो आणि म्हणायचो, “घेतला.” की साहेबांनी हात थांबवलाच. ‘घेतला’ हा शब्द कुठल्या पुस्तकात नाही, पण दोन तालुक्यांतली माणसं त्याच्या भरवशावर उभी आहेत.

आता जरा शाळा घेतो, सहन करा. लोक समजतात, सळई हाड जोडते. सळई काडीचंही जोडत नाही. ती म्हणजे मांडवाला दिलेला टेकू. जोडायचं काम हाडाचं हाडालाच करावं लागतं, आणि त्याला लागतो चुना. डॉक्टर त्याला कॅल्शियम म्हणतात. हा चुना फक्त हाडांना लागतो असं नाही. हृदयाला ठोके द्यायला, स्नायूंना आवळायला रक्तात तो रोज ठरावीक हवा म्हणजे हवाच. ताटातून आला तर उत्तम. नाही आला, तर गळ्यात मसुराच्या दाण्याएवढ्या चार गाठी असतात, त्या हाडांना हुकूम सोडतात, काढा तुमच्याकडचा! हाड बिचारं काढून देतं. अशी वर्षंच्या वर्षं गेली की बाहेरून खांब तसाच दिसतो आणि आतून वाळवी. शिवाय हाडाचा स्वभाव सरकारी आहे. अंगावर भार पडला तरच काम करतं. माणूस पडून राहिला, किंवा सगळा भार सळईनेच उचलला, की हाड म्हणतं, आपली गरज नाही इथे, आणि असलेला चुनाही सोडून देतं. म्हणून सळई टाकली की दुसऱ्या दिवशी आम्ही पेशंटला उठवतो. लोक आम्हाला कसाई म्हणतात. म्हणोत.

खरी पंचाईत वेगळीच होती. आमची माणसं एकदा चालायला लागली की परत तोंड दाखवत नसत. देवजी नावाचा एक ताडी काढणारा होता. ताडावरून पडला, दोन्ही पाय मोडले, पण हातातल्या मडक्यातली ताडी थेंबभर सांडली नाही. स्ट्रेचरवर घेताना म्हणाला, “आधी मडकं धरा.” मी धरलं. (हे भागायचं असेल तर भागा, मडकं मात्र अख्खं होतं.) त्याला दोन सळया टाकल्या. हाड जुळेपर्यंत दर महिन्याला ये, एक्स-रे काढू, असं सांगितलं. गडी दीड महिन्यात पुन्हा ताडावर! हाड कच्चं, सगळं वजन सळईवर. वर्षाने आला तेव्हा एक सळई आत कोयत्यासारखी वाकली होती. मांडी हसल्यासारखी दिसत होती. ती वाकडी सळई बाहेर काढताना साहेबांनी ज्या शिव्या दिल्या, त्यांतल्या दोन गुजरातीतल्या होत्या आणि मला तोवर ठाऊक नव्हत्या.

त्या दिवशी संध्याकाळी मी एक वाक्य शोधून काढलं. पेशंट घरी जायला निघाला की मी त्याला कोपऱ्यात घ्यायचो आणि आवाज खाली आणून सांगायचो, “हे बघ, सळई काय तुझी नाय. दवाखान्याची वस्तू आहे. तुझ्याकडे फक्त ठेवायला दिलीय. दर महिन्याला आणून दाखवायची. एक दिवस परत द्यायची.”

काय जादू झाली म्हणून सांगू! आमच्या बाजूचा माणूस स्वतःच्या पायाकडे बघणार नाही, पण दुसऱ्याची वस्तू जिवापाड जपेल. शेजाऱ्याचं पातेलं आणलं तर घासून, वर त्यात मूठभर तांदूळ घालून परत करणारी माणसं ही. महिन्याच्या महिन्याला रांग लागायला लागली. एकाने विचारलं, “माझं काम झालं तर मेव्हण्याला दिली तर चालेल काय? त्याचा पण पाय दुखतो.” दुसरा उंबरगावच्या कंपनीत कामाला होता. गेटवरचं यंत्र वाजायला लागलं की वॉचमन त्याला अडवायचा, आणि हा छाती काढून सांगायचा, “चोरीचा माल नाय, दवाखान्याचा आहे.” साहेब मला म्हणायचे, “तू यांना काय मंत्र घातलास रे?” मी म्हणायचो, “प्रेमाने बोलतो, साहेब.”

मग आली रानशेतची जमनाआजी.

आजी कशी पडली, तर शेळीच्या दाव्यात पाय अडकून. शेळी पुढे, आजी मागे, आणि मांडीचं हाड मधोमध. तिच्या मुलाने, काशिनाथने, तिला टेम्पोतून आणलं. टेबलावर घेतली, कमरेखालची भूल दिली. या भुलीत पाय झोपतात, तोंड जागं राहतं. आणि जमनाआजीचं तोंड म्हणजे काय सांगू! आम्ही खाली ठोकतोय आणि वर पडद्याच्या पलीकडून चालूच,

“शेळीला पाला कोण घालेल? काशिनाथ, अरे काशिनाथ!”

“काशिनाथ बाहेर आहे, आजी. शेळी कुठे जात नाय.”

“तुला काय जातंय बोलायला? शेळी माझी असती तर मेली तरी चाललं असतं. अर्धलीची आहे ती!”

अर्धली म्हणजे काय, ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. एकाची शेळी, दुसऱ्याने पाळायची. चारा-पाणी, राखण सगळं पाळणाऱ्याचं. मग शेळीला करडं झाली की अर्धी मालकाची, अर्धी पाळणाऱ्याची. सह्या नाहीत, कागद नाही. बोललं ते बोललं.

तेवढ्यात साहेब वरचा स्क्रू पिळायला लागले. मी कान दिला. कुरकुर नाही. साहेबांनी आणखी एक आटा दिला. स्क्रू नुसता गरगरला, ओल्या भुशात फिरावा तसा. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोललो नाही. न बोलणं हेसुद्धा आमच्या कामात बोलणंच असतं. मग आम्ही जाड स्क्रू घेतला, जागा जराशी बदलली, आणि तो शेवटी कसाबसा एक उसासा टाकून बसला. मी म्हटलं, “घेतलाय… असं म्हणू.”

साहेब मास्कच्या आतून म्हणाले, “हाडात चुनाच नाही बाईच्या.”

पडद्यापलीकडून लगेच आवाज, “चुना ना? माझ्या चंचीत आहे. भरपूर आहे. काशिनाथकडे दिलीय बघ चंची, काढून घ्या लागेल तेवढा.”

भूलवाले डॉक्टर हसून हसून स्टुलावरून घसरायचे राहिले. (तंबाखूतला तो चुना हाडांत जात नाही, हो. तो फक्त तोंड जाळतो. उगाच हा लेख वाचून कुणी प्रयोग करायला जाऊ नका.)

आजी घरी निघाली तेव्हा मी सवयीप्रमाणे माझं वाक्य बोललो. “आजी, दवाखान्याची वस्तू आहे बरं. नीट वापर. परत द्यायची आहे.” आजीने माझा हात धरला आणि मान हलवली. तिच्या चेहऱ्यावरचा तो गंभीरपणा तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवा होता. नाही आला. कारण मी स्वतःच्याच हुशारीवर खूश होतो.

दोन महिन्यांनी काशिनाथ तिला उचलून घेऊन आला. अक्षरशः कडेवर. एक्स-रे काढला. साहेबांनी तो उजेडावर धरला. माझ्यासारख्या सायकलवाल्यालाही दिसत होतं. चांगलं हाड एक्स-रेत पांढरंशुभ्र दिसतं. हे दिसत होतं जुन्या, शंभरदा धुतलेल्या लुगड्यासारखं विरळ. त्यात सळई तेवढी झळझळीत, आणि तो वरचा स्क्रू जागचा किंचित सरकलेला. मोडलेल्या जागी नव्या हाडाचा पत्ता नाही.

“चालवली नाही हिला?” साहेब कडाडले. “वॉकर दिला होता ना?”

“उठतच नाय, साहेब,” काशिनाथ खाली मान घालून म्हणाला. “कोणाचं ऐकत नाय. म्हणते, काढून घ्या.”

“काढून घ्या? या हाडातून? नुसता चुरा हातात येईल!” साहेबांनी मला बाजूला ओढलं. “अजून महिना-दोन महिने ही अशी पडून राहिली, तर स्क्रू हाडातून बाहेर येईल. मग दुसरा मारायला जागाच नाही. मग ती बाई पुन्हा कधी उभी राहत नाही. प्रेमाने बोलतोस ना तू? जा, बोल.”

आजी त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. जमनाआजी आणि गप्प! 

रविवारी मोटारसायकल काढली आणि रानशेत गाठलं. घरात शिरलो तर आजी बाजेवर. एक पाय नेहमीसारखा, आणि दुसरी मांडी नव्याकोऱ्या गोधडीत गुंडाळलेली, वरून सुतळीने बांधलेली. लोणच्याची बरणी बांधतात तशी.

“ये मामा,” आजी म्हणाली. “बघ. सोडून बघ हवं तर. एक ओरखडा नाय पडू दिला.”

मला कळेचना. “कशाला ओरखडा?”

“तुझ्या सळईला! कुठे चालले नाय, झिजायला नको म्हणून. पाणी लावलं नाय, गंजेल म्हणून. उन्हात पण नाय नेली, तापेल. सून म्हणते, आंघोळ करा. म्हटलं, बाकी सगळी करते, ही मांडी नाय. लोकाची वस्तू आहे ती.”

सून दारात उभी होती. ती म्हणाली, “दोन महिने झाले, मामा. वास येतो.”

“येऊ दे वास,” आजी म्हणाली. “वास काय माझा आहे. मामा, आता घेऊन जा तू. मी म्हातारी झाले, मला काय करायची? दुसरी कोण पडली असेल तर तिच्या कामाला येईल.”

मी तिथे जमिनीवर बसलो. आयुष्यात इतक्या थापा मारल्या, पण कुठल्याही थापेने असा माणूस बाजेला बांधून टाकला नव्हता. मी मारलेलं एक फुशारकीचं वाक्य सुतळीने गुंडाळून तिने दोन महिने उराशी जपलं होतं. आणि जितकी जपत होती तितकं आतलं हाड विरघळत होतं.

म्हणून मी खरं बोललो. बायकोची शपथ, खरं बोललो. “आजी, मी खोटं सांगितलं. ती सळई तुझीच आहे. पहिल्या दिवसापासून. परत द्यायची भानगडच नाय.”

आजीने माझ्याकडे अशा मायेने बघितलं की मला वाटलं, पटलं बाईला. मग म्हणाली, “माझं मन राखायला खोटं बोलतोस होय रे? देव भलं करो तुझं.”

“अगं आजी, खरंच!”

“मामा,” काशिनाथ हळूच म्हणाला, “तुमचं खरं कोण मानतं हो? ते मडक्याचं तुम्हीच सांगितलं होतंत ना?”

तीस वर्षं दोन तालुक्यांत कमावलेली कीर्ती अशी नेमकी त्या दिवशी फळाला आली.

तेवढ्यात अंगणातून बें-बें असा आवाज आला. तीच ती शेळी. सोबत दोन करडं, एक काळं, एक तांबडं, उड्या मारत उंबऱ्यापर्यंत. माझ्या डोक्यात काहीतरी कुरकुरलं. नव्या चपलेसारखं.

“आजी, ही दोन्ही करडं तुझी?”

“छे! काळं मालकाचं, तांबडं माझं.”

“का म्हणून? शेळी तर त्याची.”

आजी कोपरावर उठली. “का म्हणून? पाला कोणी घातला? रानात कोणी फिरवलं? पाय मोडला तो कोणाचा, मालकाचा?”

“मग ऐक,” मी पुढे सरकलो आणि आवाज खाली आणला, “सळई दवाखान्याची हे खरं. पण तुला ठेवायला दिलेली नाय. अर्धलीनं दिलीय.”

 आजीचे डोळे बारीक झाले. सौदा म्हटला की म्हातारीच्या अंगात वीस वर्षं कमी होतात.

“अर्धलीनं? मग आधी का नाय बोललास?”

“विसरलो.”

“सळई काय करडू घालते?”

“घालते तर! हाडाचं. मोडल्या जागी नवं हाड धरतं, ते सळईचं करडू. एक्स-रेत दिसतं. पण शेळी बाजेला बांधून ठेवली तर करडू होईल काय?”

“मरेल ती.”

“तशीच ही पण. हिला फिरवावी लागते. आधी वॉकर धरून अंगणात, मग दारापर्यंत, मग विहिरीपर्यंत. सकाळी कोवळ्या उन्हात बसवावी लागते, नाहीतर खाल्लेला चुना अंगाला लागत नाय. आणि पाला घालावा लागतो.”

“कसला पाला?”

“नागलीची भाकर, रोज. आणि सुकट. बारकी मासळी, डोक्या-काट्यासकट चावून खायची. टाकायचं काही नाय. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्यायच्या. त्या पण पाल्यात धर.”

“गोळ्या मी शेळीला घातल्या,” आजी म्हणाली. “तिला करडं व्हायची होती.”

मी अंगणात बघितलं. शेळी खरोखरच तुकतुकीत दिसत होती.

आजीने बराच वेळ विचार केला. मग बोट उगारून विचारलं, “अर्धी माझी. कुठली अर्धी? वरची की खालची?”

या प्रश्नासाठी मी तयार नव्हतो. पण थापाड्याने अडखळायचं नसतं. “वरची तुझी. खालची दवाखान्याची.”

“बोललास?”

“बोललो.”

“सूनबाई,” आजीने हाक मारली, “सुतळी सोड. आणि पाणी तापव.”

दीड महिन्याने आजी दवाखान्यात वॉकर टेकत आली. दरवाजातून स्वतःच्या पायांनी. एक्स-रे निघाला. मोडलेल्या जागी दोन्ही बाजूंनी पांढरट ढग धरला होता. साहेब “वा!” म्हणाले. आजीने माझ्या हातातून फिल्म ओढली.

“करडू दाखव.”

मी बोट ठेवलं. तिने डोळे ताणून बघितलं. “बारीक आहे.”

“पहिलटकरीण आहे सळई.”

“बोकड की पाट?”

“पाट,” मी म्हटलं. पाट म्हणजे मादी करडू.

“बरं झालं. वाढेल.” साहेब आळीपाळीने आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले. मी म्हटलं, “प्रेमाने बोललो, साहेब.”

पुढची कितीतरी वर्षं ती यायची. आधी काठी टेकत, मग काठी नुसती शेळी हाकायला हातात धरून. येताना माझ्यासाठी सुकट आणायची, त्याच्या वासाने वेटिंग रूम रिकामी व्हायची, आणि तिचा नंबर आधी लागायचा. गुडघ्याकडे दुखलं की तक्रार ठरलेली, “माझी बाजू ठीक आहे. दवाखान्याची बाजू दुखते. तुम्ही बघा काय ते.” थंडीत तर मला दम द्यायची, “तुमची अर्धी फार गारठते.”

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. जमनाआजी पुन्हा आली म्हणून त्या वाक्याने काय होतं ते मला कळलं. तिच्याआधी माझं ते वाक्य ऐकून गेलेले आणि पुन्हा कधीच न आलेलेही होते. ते पळाले, असं मी धरून चाललो होतो. त्यातले किती जण कुठल्या तरी पाड्यावर गोधडी बांधून पडून राहिले असतील? त्यानंतर काही सुट्टीचे दिवस मी जुने पत्ते घेऊन फिरलो. बरेचसे खरोखरच पळाले होते, झाडावर, होडीवर, कंपनीत. सगळे नाही. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. ते वाक्य मी सोडलं. तेव्हापासून रिटायर होईपर्यंत प्रत्येकाला सांगत आलो, सळई अर्धलीची आहे. खोटंच आहे, पण या खोट्याने माणूस चालतो.

मी रिटायर झालो, आशागडला घरी बसलो. यंदाच्या उन्हाळ्यात दुपारी काशिनाथ दारात आला. हातात साडीच्या दुकानाची पिशवी. त्याचं डोकं भादरलेलं बघून मी समजलो.

“कधी?”

“झाले बारा दिवस. आदल्या संध्याकाळी शेळ्या रानातून आणल्या तिने. जेवली. सकाळी उठली नाय.”

चालती-फिरती गेली.  बायकोने पाणी आणलं. काशिनाथने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. सोडलं, तर सळई. काळवंडलेली, पण सरळ. एक टोक गोल गुळगुळीत, स्क्रूच्या भोकांसकट. दुसरं टोक ताजं कापलेलं, लखलखीत.

“राखेत मिळाली,” तो म्हणाला. “आईने सांगून ठेवलं होतं. उंबरगावला कंपनीत कटरवर कापून घेतली. दोन पाती गेली, लय चिवट आहे. ही खालची. तुमची.”

“आणि वरची?”

“अस्थींबरोबर सोडली नदीत. ती तिची होती ना.”

 मी पुन्हा खरं बोललो. “काशिनाथ, अरे ती अख्खीच तिची होती. मी त्या दिवशी थाप मारली होती.”

“ठाऊक आहे,” काशिनाथ म्हणाला. “डॉक्टरांनी दुसऱ्याच वर्षी सांगितलं होतं आईला.”

“मग?”

“आई म्हणाली, डॉक्टरला काय विचारायचं? बोलणं मामाशी झालंय.”

तो गेल्यावर बायकोने सळई उचलून उलटसुलट बघितली आणि म्हणाली, “आता ही तुम्ही लोकांना अख्खी करून सांगणार.”

नाही. आशागडला कधी आलात तर घरी या, माझ्या खिडकीत ठेवलीय, आणि सोबत पट्टी आणा. हातभर दिली होती, वीतभर परत आली. ना जास्त, ना कमी.